ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन: राजाने दिलेली धर्माची मोकळीक इथे का सापडत नाही आणि पार्लमेंटने दिलेली कुठे सापडते

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कोणी कुठे प्रार्थना करावी हा प्रश्न आपल्याकडे सहसा दोन ओळींत आटोपतो. दुसरा जेम्स कॅथलिक होता म्हणून त्याला गादी सोडावी लागली, आणि १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा झाला. खरा वाद यापेक्षा खोल होता. धर्माची मोकळीक द्यावी की नाही, याहून ती द्यायची कोणी, यावर जास्त भांडण झालं. राजाने आपल्या विशेषाधिकारात द्यायची, की पार्लमेंटने कायदा करून? हा वाद मूळ कागदांतून वाचायचा असेल, तर घरबसल्या उघडता येणारं पहिलं दार म्हणजे ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन. लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चचा हा संग्रह २००३ पासून चालू आहे. या लेखासाठी लागणारे कायद्यांचे खंड आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची जर्नल्स, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, वाचायला पैसे लागत नाहीत, नावही नोंदवावं लागत नाही. एम.ए.ला इंग्लंडचा इतिहास घेतलेल्यांना, कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि मुंबई इंग्रजांकडे आली त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांना ही सेवा मनापासून सुचवतो. मात्र कोणत्या वाटेने आत जायचं ते ठाऊक हवं, नाहीतर माणूस पहिल्या दहा मिनिटांत हात हलवत परत येतो.

सगळ्यांची पहिली चूक शोधचौकटीत होते. 'टॉलरेशन ॲक्ट १६८९' असं टाइप केलं की मोठमोठ्या याद्या येतात, पण त्यात बहुतेक व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या स्थानिक इतिहासाच्या ग्रंथमालेतली गावोगावच्या प्रार्थनाघरांची माहिती असते. मूळ कायदा त्या गर्दीत दिसत नाही. याची कारणं दोन. पहिलं, कायद्याच्या शीर्षकात 'टॉलरेशन' हा शब्दच नाही. हे नाव लोकांनी नंतर दिलं. मूळ शीर्षकाचा अर्थ असा होतो: चर्च ऑफ इंग्लंडशी मतभेद असलेल्या, राजाराणीच्या (विल्यम आणि मेरी यांच्या) प्रॉटेस्टंट प्रजाजनांना काही कायद्यांच्या शिक्षांतून सूट देणारा कायदा. दुसरं कारण वर्षाचं आहे. संग्रहात हा कायदा १६८८ खाली लावलेला आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि कायदा लागू होण्याची तारीख त्यात दिलेली नसेल तर तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असं धरत. अधिवेशन आपल्या हिशेबाने १६८९ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, त्यांच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६८८ चाच होता. राजसंमती मिळाली २४ मे १६८९ ला, तरी कायद्यावर शिक्का १६८८ चा. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या बिल ऑफ राइट्सला संमती १६ डिसेंबर १६८९ ची, पण तेही १६८८ खालीच सापडतं. १६७३ चा टेस्ट ॲक्ट याच कारणाने १६७२ खाली आहे. तेव्हा साधा नियम धरा: पुस्तकात दिलेल्या वर्षात नाही मिळालं, तर एक वर्ष मागे जाऊन बघा.

म्हणून शोधचौकट बाजूला ठेवा आणि मालिकांच्या यादीतून जा. 'स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म' ही मालिका उघडा. तिचे तीन खंड इथे आहेत: पाचवा १६२८ ते १६८०, सहावा १६८५ ते १६९४ आणि सातवा १६९५ ते १७०१. खंड उघडला की कायदे राजाच्या कारकिर्दीच्या वर्षानुसार आणि प्रकरण क्रमांकानुसार येतात. इथे दुसरी खाच आहे. दुसऱ्या चार्ल्सची वर्षं तो १६६० मध्ये परत आला तेव्हापासून मोजत नाहीत. बापाचा शिरच्छेद झाला त्या ३० जानेवारी १६४९ पासून मोजतात. त्यामुळे १६६० चे कायदे 'बाराव्या वर्षा'त आहेत आणि १६७३ चे 'पंचविसाव्या वर्षा'त. मधली अकरा वर्षं देशात राजा नव्हताच, पण कायद्याच्या पुस्तकाला ते मान्य नाही. राजसत्तेची कल्पना किती खोल मुरलेली होती हे नुसत्या अनुक्रमणिकेतून कळतं.

अनुक्रमणिका चाळण्याचा फायदा पाचव्या खंडात ठळक दिसतो. पंचविसाव्या वर्षाचं पहिलं प्रकरण काढा. तो राजाच्या जादा खर्चासाठी १२,३८,७५० पौंड उभे करण्याचा कायदा आहे. त्याला लागून दुसरं प्रकरण टेस्ट ॲक्टचं, पानं ७८२ ते ७८५. एका हाताने राजाला डचांविरुद्धच्या युद्धासाठी पैसा दिला आणि दुसऱ्या हाताने कॅथलिकांना सरकारी पदांवरून दूर ठेवणारा कायदा त्याच्याकडून मंजूर करून घेतला. दोन्हींना संमती २९ मार्च १६७३ ची. टेस्ट ॲक्ट थेट शोधून उघडला असता, तर हा शेजार नजरेतून सुटला असता. पद धरणाऱ्याने राजनिष्ठेच्या शपथा घ्यायच्या, तीन महिन्यांच्या आत चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने प्रभुभोजनाचा विधी करायचा आणि भाकरी-द्राक्षारसाचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होतं या कॅथलिक मताविरुद्ध सही करायची, अशा अटी त्यात होत्या. राजाचा भाऊ जेम्स याने त्याच वर्षी नौदलप्रमुखाचं पद सोडलं आणि त्याचा कॅथलिक धर्म उघड झाला.

हे घडलं कशामुळे? १५ मार्च १६७२ ला चार्ल्सने एक जाहीरनामा काढला. धर्मविषयक सगळे दंडकायदे स्थगित, डिसेंटरांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी मतभेद असलेल्या प्रॉटेस्टंटांना, परवाना घेऊन उघड प्रार्थना करायची मुभा, कॅथलिकांना आपल्या घरात. हा जाहीरनामा कायद्याच्या खंडात शोधू नका, तो तिथे असणारच नाही. पार्लमेंटने केला आणि राजाने संमती दिली तोच कायदा, आणि तेवढेच कायदे या खंडात आहेत. विशेषाधिकाराने काढलेलं फर्मान त्यात बसत नाही. संग्रहात न सापडणारी ही गोष्ट म्हणजे मुळात त्या वादाचाच एक भाग आहे.

जाहीरनाम्यावरचं उत्तर मात्र इथे अगदी जवळून वाचता येतं. कॉमन्स सभेच्या जर्नलचा नववा खंड उघडा आणि १० फेब्रुवारी १६७३ च्या पानावर जा. छापील जर्नलमध्ये वाराचं नाव लॅटिनमध्ये असतं, 'लुने' म्हणजे सोमवार. त्या दिवशी सभेने ठराव केला की धर्मविषयक दंडकायदे पार्लमेंटच्या कायद्याशिवाय स्थगित होऊ शकत नाहीत. बाजूने १६८, विरुद्ध ११६. ठरावाची भाषा दोन ओळींची आहे. त्यात सहिष्णुता चांगली की वाईट याबद्दल अवाक्षर नाही, धर्मपंथांची नावं नाहीत, फक्त 'कायद्याशिवाय नाही' एवढंच. बाजूने मत देणाऱ्यांत डिसेंटरांबद्दल सहानुभूती असलेलेही होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. त्याच अधिवेशनात डिसेंटरांना कायद्याने सवलत देण्याचं विधेयक कॉमन्सने पुढे नेलं होतं. ते तडीस गेलं नाही.

पुढे २४ फेब्रुवारीचं पान वाचा. राजा उत्तर देतो की धर्माच्या बाबतीतला हा अधिकार पूर्वजांच्या काळात कोणी विचारला नव्हता. सभा परत कळवते की असा अधिकार राजाच्या कोणा पूर्वजाने कधी वापरलाच नाही. शेवट लॉर्ड्स सभेच्या जर्नलच्या बाराव्या खंडात, ८ मार्चच्या पानावर आहे. मूळ जाहीरनामा राजाने आपल्या समोर रद्द करवला, अशी माहिती लॉर्ड चान्सेलर सभेला देतो. मोजकी पानं, दोन सभागृहं, एक महिना. या विषयावर वर्गात शिकवायचं असेल तर एवढाच मजकूर छापून द्यावा, त्याची बरोबरी करणारा सारांश नाही.

जर्नल्सची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. त्यात भाषणं नसतात. ठराव, विधेयकाचं कितवं वाचन, समित्यांची नावं, मतमोजणी करणाऱ्यांची नावं आणि आकडे, बस्स. कोण काय म्हणालं ते हवं असेल तर याच संग्रहातली ग्रेज डिबेट्स ही मालिका उघडा. डर्बीचे खासदार ॲन्चिटेल ग्रे यांनी १६६७ ते १६९४ या काळात सभेत बसून घेतलेली टिपणं दहा खंडांत आहेत. १६७३ ची चर्चा दुसऱ्या खंडात येते. टिपणं तुटक आहेत, वाक्यं अर्धवट आहेत, बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे आहेत असं मानू नये. तरी जर्नल आणि ग्रे दोन खिडक्यांत शेजारी उघडून तारखेनुसार वाचले, तर ठरावामागचा श्वास ऐकू येतो. तारखांची एक सोय: या संग्रहाच्या मथळ्यांत जर्नलचं वर्ष आजच्या पद्धतीने, १ जानेवारीपासून धरलेलं आहे. छापील मजकुरात आत मात्र जुनं वर्ष येऊ शकतं. टिपण काढताना दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर जानेवारी ते मार्चच्या सगळ्या घटना एक वर्ष सरकतात.

आता १६८७ कडे येऊ, कारण इथे हा संग्रह सगळ्यात कमी कामाला येतो आणि त्याचं कारण समजणं महत्त्वाचं आहे. ४ एप्रिल १६८७ ला, आता राजा झालेल्या जेम्सने आपला जाहीरनामा काढला. तो चार्ल्सच्या जाहीरनाम्यापेक्षा मोठा होता: दंडकायदे स्थगित, टेस्टच्या शपथांची सक्ती नाही, कॅथलिकांनाही उघड उपासना. २७ एप्रिल १६८८ ला त्याने तो पुन्हा काढला आणि चर्चमधून वाचून दाखवण्याचा हुकूम दिला. आर्चबिशप सॅन्क्रॉफ्ट आणि सहा बिशपांनी १८ मे रोजी अर्ज केला की हा अधिकार पार्लमेंटने अनेकदा बेकायदा ठरवलेला आहे. त्यांच्यावर खटला झाला आणि ३० जूनला ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. एवढं मोठं प्रकरण, आणि जर्नल्समध्ये त्या दिवसांचं एकही पान नाही. कारण पार्लमेंटच भरत नव्हतं. जेम्सने २० नोव्हेंबर १६८५ ला अधिवेशन थांबवलं आणि पुढे त्याच्या कारकिर्दीत सभा बसली नाही. कॉमन्सचा नववा खंड संपतो आणि दहावा थेट नव्या राजवटीच्या उंबऱ्यावर सुरू होतो. मधली पोकळी पाहून मजकूर गहाळ झाला असं समजू नका.

या पोकळीत तीन आधार आहेत. पहिला याच संग्रहातला, कॅलेंडर ऑफ स्टेट पेपर्स डोमेस्टिक. 'कॅलेंडर' म्हणजे इथे सरकारी कागदपत्रांचा तारीखवार गोषवारा. मूळ पत्र दोन पानांचं असेल तर नोंद दोन ओळींचीही असते, आणि गोषवारा करणारा संपादक कितीतरी नंतरचा आहे. म्हणून कॅलेंडरमधलं वाक्य 'जेम्स म्हणाला' असं उद्धृत करू नये. दुसरा आधार लंडन गॅझेट. त्याचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, जुने अंक मोफत दिसतात. जाहीरनाम्याबद्दल राजाचे आभार मानणारी पत्रं १६८७-८८ मध्ये त्यात रकानेच्या रकाने भरून छापली गेली. आभार मानणाऱ्यांत डिसेंटर मंडळ्याही होत्या. म्हणजे जेम्सची मोकळीक फक्त कॅथलिकांना हवी होती असं नाही, आणि ती नाकारणारे सगळे असहिष्णु होते असंही नाही. तिसरा आधार म्हणजे त्या काळच्या छापील पुस्तकांची अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन ही मालिका. तिची मूळ चित्रं वर्गणीखाली आहेत, पण टंकलिखित केलेल्या हजारो पुस्तकांचा मजकूर आता मोफत मिळतो. राजाचे छापील जाहीरनामे तिथे शोधावेत.

चार्ल्सच्या १६७२ च्या परवान्यांसाठी मात्र कॅलेंडरच सोन्याची खाण आहे. कोणत्या गावात, कोणाच्या घरात, कोणत्या पंथाच्या उपदेशकाला परवाना दिला, याच्या याद्या १६७१ ते १६७३ च्या खंडांत भरलेल्या आहेत. बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात काढलेल्या उपदेशक आणि लेखक जॉन बन्यन यांचा परवाना ९ मे १६७२ चा आहे. जोसायस रफहेड यांचं घर त्यांच्या मंडळीचं प्रार्थनास्थान म्हणून नोंदलं गेलं. शोधताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंग करून बघा, कारण कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. क्वेकर पंथाचे लोक या यादीत शोधत बसू नका. देवाची प्रार्थना करायला राजाचा परवाना घ्यायचा हेच त्यांना मान्य नव्हतं.

आता 'स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म'च्या सहाव्या खंडातलं ७४ वं पान. १६८९ चा कायदा ७४ ते ७६ या तीन पानांत मावतो, आणि तो सलग वाचावा अशी कळकळीची विनंती. कागदावरची 'सहिष्णुता' जवळून कशी दिसते ते इथे कळतं. सुरुवातीलाच हेतू सांगितला आहे: विवेकाची टोचणी असलेल्यांना थोडा आराम दिला तर राजाराणीची प्रॉटेस्टंट प्रजा एकदिलाने वागेल. शब्द आहे 'ईज', म्हणजे सैलावणं, आराम. हक्क असा शब्द नाही. जुने कायदे रद्द केलेले नाहीत. ठरावीक अटी पाळणाऱ्याला त्यांची शिक्षा लागू होणार नाही, एवढंच.

अटी बारकाईने बघा. प्रार्थनाघर बिशप, आर्चडीकन किंवा त्रैमासिक सत्रातले न्यायाधीश यांच्यापैकी कोणाकडे तरी नोंदवायचं. नोंदीची फी सहा पेन्सपेक्षा जास्त घ्यायची नाही. सभा चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी नको, नाहीतर आत बसलेल्यांना सवलत नाही. बंद दाराआड कट शिजतात ही त्या पिढीची भीती एका कडीवर येऊन टेकली आहे. उपदेशकाने चर्चची अधिकृत मतं सांगणाऱ्या ३९ कलमांवर सही करायची, पण त्यातून ३४, ३५ आणि ३६ ही कलमं वगळली, शिवाय विसाव्या कलमातले ठरावीक शब्दही वगळले. ते शब्द कोणते, तर विधी ठरवण्याचा आणि श्रद्धेच्या वादात निवाडा देण्याचा अधिकार चर्चला आहे, हे. डिसेंटरांना श्रद्धेपेक्षा अधिकारच खुपत होता, हे कायदा लिहिणाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं. बाप्टिस्टांना बालकांच्या बाप्तिस्म्यापुरती सूट. शपथच घेत नाहीत म्हणून क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञापत्र. कॅथलिक आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत) नाकारणारे पूर्ण बाहेर. आणि चर्चला द्यायचा दशांश सगळ्यांनी आधीसारखाच भरायचा.

हा कायदा समजायला त्याच्याआधीचा दंड ठाऊक हवा, तो पाचव्या खंडात ६४८ ते ६५१ पानांवर. १६७० चा कन्व्हेंटिकल ॲक्ट. घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त जण, सोळा वर्षांवरचे, चर्चच्या पद्धतीबाहेरच्या उपासनेला जमले की गुन्हा. पहिल्या वेळी ५ शिलिंग, पुढे १० शिलिंग. उपदेशकाला २० पौंड, दुसऱ्यांदा ४० पौंड. घर देणाऱ्याला २० पौंड. वसुलीचा एक तृतीयांश राजाला, एक तृतीयांश गावातल्या गरिबांना आणि एक तृतीयांश खबर देणाऱ्याला. शेवटच्या हिश्श्यामुळे शेजारी शेजाऱ्याची चुगली करून पैसे मिळवू लागला. प्रत्यक्ष कारवाई कशी चालायची ते बघायचं तर मिडलसेक्स काउंटी रेकॉर्ड्सचे खंड उघडा. चर्चला न गेल्याबद्दलचे आणि बेकायदा सभांचे गुन्हे त्यात नावानिशी, पेशानिशी आहेत. शिंपी, विणकर, त्यांच्या बायका.

'स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म' या मालिकेतली मोठी उणीव इथेच जाणवते. १६८९ चा कायदा ज्या शिक्षांतून सूट देतो त्यांतल्या बऱ्याच एलिझाबेथच्या काळच्या आहेत: चर्चला न गेल्याबद्दल १५५९ चा दर रविवारी १२ पेन्सचा दंड, १५८१ चा दरमहा २० पौंडांचा. ते कायदे या मालिकेच्या चौथ्या खंडात आहेत आणि इथे पाचव्यापासून सुरुवात होते. त्यासाठी इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी जुन्या छापील खंडांच्या स्कॅन प्रती शोधाव्या लागतात. एलिझाबेथच्या पार्लमेंटांची डूज यांनी संकलित केलेली जर्नल्स इथे आहेत, त्यावरून चर्चेचा माग लागतो, पण कायद्याचा मजकूर नाही तो नाहीच.

क्रॉमवेलच्या काळासाठी वेगळं कपाट आहे. १६४२ ते १६६० चे वटहुकूम राजसंमतीशिवाय झाले म्हणून परत आलेल्या राजाने ते मानले नाहीत, आणि म्हणून ते 'स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म'मध्येही नाहीत. ते 'ॲक्ट्स अँड ऑर्डिनन्सेस ऑफ द इंटररेग्नम' या फर्थ आणि रेट यांच्या १९११ च्या संकलनात आहेत, आणि तेही इथे मिळतं. १६५३ चं इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट, म्हणजे क्रॉमवेलच्या राजवटीची लेखी घटना, काढून ३५ ते ३७ ही कलमं वाचा. येशूवर श्रद्धा असलेल्यांना मोकळीक, पण कॅथलिक आणि बिशपशाही मानणाऱ्यांना नाही. सक्तीने चर्चला जाण्याची कलमं १६५० मध्येच रद्द झाली होती. ती १६६० नंतर पुन्हा जिवंत झाली, कारण रद्द करणाऱ्यांकडे रद्द करण्याचा अधिकार होता हेच नव्या राजवटीने नाकारलं.

मजकुराच्या विश्वासार्हतेबद्दल. इथे छापील पानांची चित्रं नाहीत, टंकलिखित मजकूर आहे, आणि तो चांगल्या दर्जाचा आहे. तरी प्रबंधात उद्धृत करण्याआधी एखाद्या शंकास्पद शब्दासाठी स्कॅन प्रत पाहावी. स्पेलिंग जुनंच ठेवलं आहे. 'मॅजेस्टीज' हा शब्द शेवटी वाय-ई-एस लावून येतो, 'लॉज'मध्ये डब्ल्यूनंतर ई येतो, 'सर्टन'च्या शेवटीही ई. शोधताना आजचं आणि जुनं, दोन्ही रूपं टाका. शब्दही त्या काळचे घ्या: 'कॅथलिक'ऐवजी 'पोपिश रेक्युझंट', 'डिसेंटर'बरोबर 'नॉनकन्फॉर्मिस्ट', आणि 'टॉलरेशन'ऐवजी 'टेंडर कॉन्शन्सेस'. हा शेवटचा शब्दप्रयोग चार्ल्सने, इंग्लंडला परतण्याआधी नेदरलँड्समधल्या ब्रेडाहून काढलेल्या ४ एप्रिल १६६० च्या घोषणेत वापरला. ती घोषणा १ मे १६६० ला दोन्ही सभागृहांत वाचली गेली, म्हणून ती जर्नलमध्ये मिळते.

तळटिपांकडे दुर्लक्ष करू नका. 'मूळ चर्मपत्राच्या गुंडाळीवर ओळींच्या मध्ये लिहिलेलं' किंवा 'मूळ कायद्याला वेगळ्या पुरवणीने जोडलेलं' अशा अर्थाच्या टिपा येतात. शेवटच्या क्षणी कोणती वाक्यं घुसवली गेली ते त्यावरून कळतं. कलमांच्या बाजूचे छोटे मथळे मात्र संपादकांचे आहेत, कायद्याचा भाग नव्हेत. मथळा वाचून अर्थ काढला की फसगत होते.

बिल ऑफ राइट्स सहाव्या खंडात १४२ ते १४५ पानांवर आहे. तिथे दोन अधिकारांतला फरक डोळ्यांत तेल घालून वाचा. कायदा सगळ्यांसाठी स्थगित करण्याचा अधिकार पार्लमेंटच्या संमतीशिवाय सरसकट बेकायदा ठरवला. एकेका माणसाला कायद्यातून सूट देण्याचा अधिकार मात्र 'अलीकडे जसा वापरला गेला तसा' बेकायदा ठरवला. दुसरं वाक्य इतकं जपून लिहायचं कारण १६८६ चा गॉडन विरुद्ध हेल्स खटला, कॅथलिक अधिकारी हेल्स यांना राजाने टेस्ट ॲक्टमधून दिलेल्या सुटीवरचा. बारापैकी अकरा न्यायाधीशांनी तेव्हा राजाची बाजू उचलून धरली होती. बिल ऑफ राइट्स आजही लागू असल्याने ब्रिटिश सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरही वाचता येतं. १६८९ चा धर्मविषयक कायदा विसाव्या शतकात रद्द झाला, म्हणून त्याच्या पूर्ण मूळ मजकुरासाठी इथेच यावं लागतं.

मुंबईचा धागा शोधणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. पूर्वेकडच्या व्यापाराची कॅलेंडरं इथे आहेत, सुरतेच्या वखारीच्या नोंदी भरपूर आहेत, पण ती मालिका १६३४ ला थांबते. मुंबई चार्ल्सला मिळाली ती १६६१ च्या विवाहतहाच्या अकराव्या कलमाने, म्हणजे बरीच नंतर. त्याच कलमात मुंबईतल्या रहिवाशांना रोमन कॅथलिक उपासनेची मोकळीक कबूल केली आहे. लंडनमध्ये कॅथलिकांवर दंडकायदे लागू होते तेव्हा त्याच राजाच्या मुंबई बेटावर कॅथलिक मिस्सा तहाने सुरक्षित होती, कारण तहाचा अधिकार राजाचा होता आणि त्याला पार्लमेंट लागत नव्हतं. १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड (सोन्याच्या नाण्यांत) भाड्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. हा भाग वाचायला दुसरे संग्रह लागतील, पण तोच राजा इंग्लंडमध्ये काय करू शकत होता आणि काय नाही, हे इथल्या पाचव्या खंडाशिवाय कळणार नाही.

मोबाइलवर वाचायचं असेल तर जर्नलचं एक दिवसाचं पान चालतं, मोठे कायदे नाही. सगळ्या चर्चमध्ये एकच प्रार्थनापद्धत सक्तीची करणारा युनिफॉर्मिटी ॲक्ट, १६६२, पानं ३६४ ते ३७०, हा एकच कायदा छोट्या पडद्यावर वाचताना कलम कुठे संपलं ते हरवतं. लॅपटॉपवर उघडा. संदर्भासाठी पानाची तयार नोंद मिळते, त्यात खंड, संपादक रेथबी, प्रकाशन वर्ष १८१९ आणि पृष्ठक्रमांक असतात. ती जशीच्या तशी घ्या, पण कायद्याचं वर्ष देताना कारकिर्दीचं वर्ष आणि प्रकरण क्रमांक सोबत लिहा. 'विल्यम आणि मेरी, पहिलं वर्ष, प्रकरण १८' असं लिहिलं, की वाचणारा १६८८ शोधो वा १६८९, त्याच पानावर पोचतो.